सचिनचा विक्रम, रूटचं वय आणि १,९७९ धावा

जानेवारी २०२६ मध्ये सिडनीची कसोटी संपली तेव्हा जो रूटच्या नावावर १६३ कसोट्यांत १३,९४३ धावा होत्या. सचिन तेंडुलकरच्या २०० कसोट्यांत १५,९२१. विक्रम मोडायला रूटला आणखी १,९७९ धावा हव्यात. कारकिर्दीत तो कसोटीमागे साडेपंच्याऐंशी धावा करत आला आहे. भागाकार केला की उत्तर येतं २३ कसोट्या आणि वर थोडं. इंग्लंड वर्षाला साधारण बारा कसोट्या खेळतं. म्हणजे दोन वर्षं.

हा भागाकार नवा नाही. २००६ मध्ये तो रिकी पाँटिंगसाठी केला गेला, २०१६ मध्ये अ‍ॅलिस्टर कुकसाठी, २०१९ मध्ये विराट कोहली आणि स्टीव्ह स्मिथसाठी. प्रत्येक वेळी फलंदाज भरात होता, वय हाताशी होतं आणि आकडेमोडीत चूक नव्हती. तरी पाँटिंग १३,३७८ वर थांबला, कुक १२,४७२ वर, कोहली ९,२३० वर. स्मिथ अजून खेळतो आहे, पण ही शर्यत आता त्याच्या हातात राहिलेली नाही. रूटच्या बाबतीत मला उत्तर वेगळं येईल असं वाटतं. मात्र त्याचं कारण त्याचा फॉर्म नाही. कारकिर्दीच्या विक्रमाचा अंदाज बांधताना आपण फॉर्मला फार वजन देतो आणि फलंदाजाच्या वाट्याला किती कसोट्या उरल्या आहेत हे जवळपास मोजतच नाही. माझ्या मते हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा.

८५.७ आणि ८५.७

२०१९ संपताना कोहली ३१ वर्षांचा होता. ८४ कसोट्या, ७,२०२ धावा, २७ शतकं, सरासरी ५४.९७. कसोटीमागे ८५.७ धावा. आता रूटचा एक टप्पा पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलवर भारताविरुद्धची मालिका संपली तेव्हा त्याच्या १५८ कसोट्यांत १३,५४३ धावा होत्या. कसोटीमागे ८५.७. दोघांची गती दशांशापर्यंत सारखी.

कोहलीने २०१९ नंतर ३९ कसोट्या खेळल्या आणि त्यांत २,०२८ धावा केल्या. कसोटीमागे ५२. शतकं फक्त तीन, आणि त्या काळातली सरासरी ३०.७. मे २०२५ मध्ये त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली.

रूटचं नेमकं उलट झालं. २०२० संपताना तो ३० वर्षांचा झाला. ९७ कसोट्यांत ७,८२३ धावा, १७ शतकं, सरासरी ४८ च्या जराशी खाली. कोहली, स्मिथ, विल्यमसन आणि रूट अशी चौकडी त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होती, आणि तिच्यात रूटचं नाव बहुधा शेवटी यायचं. धावा त्याच्याकडे कोहलीपेक्षा थोड्या जास्त होत्या, पण शतकं २७ विरुद्ध १७ अशी दिसत असताना त्याच्या बाजूने कोण बोलणार? त्यानंतरच्या ६६ कसोट्यांत त्याने ६,१२० धावा काढल्या, २४ शतकं ठोकली. कसोटीमागे ९२.७. त्यातलं २०२१ हे वर्ष तर १,७०८ धावांचं होतं. एका कॅलेंडर वर्षात त्याहून जास्त कसोटी धावा आजवर दोघांनीच केल्या आहेत, मोहम्मद युसूफ आणि व्हिव्ह रिचर्ड्स.

पण कोहलीचा भागाकार पुन्हा करून पाहिला की एक गोष्ट लगेच दिसते, आणि ती २०१९ मध्येही दिसू शकली असती. १५,९२१ मागे टाकायला त्याला ८,७२० धावा हव्या होत्या. फॉर्म जराही ढळला नसता तरी १०२ कसोट्या लागल्या असत्या. तो वर्षाला सरासरी नऊ-साडेनऊ कसोट्या खेळत होता. म्हणजे अकरा वर्षं, आणि वय बेचाळीस. फॉर्म जाण्याच्या आधीच हा विक्रम त्याच्यासाठी जवळजवळ अशक्य होता. कुणी कॅलेंडर उघडून पाहिलं नाही, इतकंच.

फॉर्म किती डावांचा?

फलंदाजीच्या आकड्यांचा एक गुणधर्म समजून घेतला की फॉर्मबद्दलच्या पुष्कळ चर्चा आपोआप थंडावतात. कसोटी फलंदाजाच्या धावसंख्या सरासरीभोवती गोळा होत नाहीत. पन्नासची सरासरी असलेला फलंदाज नेहमी चाळीस ते साठच्या मध्ये बाद होत नाही. तो शून्यावर जातो, आठवर जातो, मग १६० करतो. संख्याशास्त्रात या पसरटपणाचं माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि फलंदाजीत ते जवळपास सरासरीएवढंच असतं. रूट एका डावात सरासरी ४७ धावा करतो, तर विचलनही ४८ च्या आसपास धरायला हरकत नाही.

याचा अर्थ असा की दहा डावांची सरासरी काढली तरी केवळ योगायोगाने ती १५ धावांनी वर किंवा खाली सरकू शकते. क्षमता तीच, तंत्र तेच, नजर तीच. तरी दहा डावांत डावामागे कधी ३२ दिसतील, कधी ६२. या दोन टोकांपैकी एकाला आपण ‘ढेपाळला’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुफान फॉर्मात’.

ताजं उदाहरण २०२५-२६ च्या अ‍ॅशेसचं. रूटने पाच कसोट्यांत, दहा डावांत, ४०० धावा केल्या. मालिकेआधी ऑस्ट्रेलियात त्याचं एकही शतक नव्हतं, म्हणून ब्रिस्बेनच्या नाबाद १३८ चं अप्रूप झालं, आणि व्हायलाच हवं होतं. शेवटच्या कसोटीत सिडनीला १६०. या दोन डावांच्या २९८ धावा झाल्या. उरलेल्या आठ डावांत मिळून १०२, त्यात दोन शून्यं. पर्थनंतर कुणी फॉर्म मोजला असता तर उत्तर एक आलं असतं, ब्रिस्बेननंतर दुसरं, मेलबर्ननंतर पुन्हा पहिलं. मालिकेअखेरीस कसोटीमागे ८० धावा. कारकिर्दीच्या गतीपेक्षा किंचित कमी, आणि त्यातून कुठलाही निष्कर्ष निघत नाही.

छोट्या नमुन्यावर मोठा अंदाज बांधण्याचं सर्वांत हळवं उदाहरण मुंबईचंच आहे. विनोद कांबळीच्या पहिल्या सात कसोट्यांत ७९३ धावा होत्या. सरासरी ११३.२९. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. त्या वेळी तो २१ वर्षांचा होता. त्यानंतर त्याला फक्त दहा कसोट्या मिळाल्या आणि त्यांत त्याने २९१ धावा केल्या. एकूण १७ कसोट्या, सरासरी ५४.२०. आजही ती सरासरी सचिनच्या ५३.७८ पेक्षा वर आहे. कांबळीबद्दल बोलताना काय काय हातून निसटलं याची यादी केली जाते. मला त्यातला दहा हा आकडा सगळ्यांत जास्त छळतो. ११३ ची सरासरी टिकणार नव्हतीच. ती कुणाचीच टिकत नाही. पण ती खाली येऊन पन्नासच्या आसपास स्थिरावली असती की चाळीसच्या, हे कळायला दहा कसोट्या फार कमी होत्या.

उलट बाजूला सुनील गावसकर. १९७१ च्या पहिल्याच मालिकेत वेस्ट इंडिजमध्ये चार कसोट्यांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. ती सरासरी अर्थातच राहिली नाही. १२५ कसोट्यांनंतर ती ५१.१२ होती. पण १२५ कसोट्या मिळाल्या, म्हणून मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला १०,००० चा आकडा पहिल्यांदा कुणीतरी पाहिला. योगायोग असा की २०१९ च्या अ‍ॅशेसमध्ये स्टीव्ह स्मिथनेही चार कसोट्यांत ७७४ धावाच केल्या होत्या. त्यानंतर काही आठवड्यांतच अ‍ॅडलेडला त्याच्या ७,००० धावा झाल्या, ७० व्या कसोटीत. कसोटीमागे शंभर! पुढच्या ३,००० धावांना त्याला ४५ कसोट्या लागल्या, म्हणजे कसोटीमागे ६७. स्मिथ काही संपला नव्हता. शंभरची गती ही त्याच्या क्षमतेत चांगल्या काळाची भर पडून झालेली होती, आणि चांगला काळ सरला.

पाँटिंगचंही तसंच. २००६ च्या अखेरीस त्याची सरासरी ५९ च्या पुढे गेली होती. पहिल्या १०,००० धावा ११८ कसोट्यांत, कसोटीमागे ८५. पुढच्या ५० कसोट्यांत गती ६७ च्या आसपास आली आणि सरासरी ५१.८५ वर थांबली. मोहम्मद युसूफने २००६ मध्ये ११ कसोट्यांत १,७८८ धावा आणि नऊ शतकं केली. वर्षभराच्या धावांचा तो विक्रम आजही उभा आहे. युसूफची कारकीर्द चार वर्षांनी ७,५३० धावांवर संपली.

सगळीच घसरण योगायोगाची असते असं मात्र म्हणता येणार नाही. कोहली २०१९ नंतर ६६ वेळा बाद झाला आणि त्यात त्याची सरासरी ५५ वरून ३१ वर आली. इतक्या डावांत नशीब एवढा फरक पाडत नाही. तिथे खरोखर काहीतरी बदललं होतं. दहा डावांवरून काहीच कळत नाही आणि साठ-सत्तर डावांवरून पुष्कळ कळतं. अडचण एवढीच की साठ-सत्तर डाव होईपर्यंत चार-पाच वर्षं निघून गेलेली असतात.

उतरणीवरच्या १,२२९ धावा

ज्या माणसाचा विक्रम मोडायचा आहे त्याचाच आलेख पाहू. २००३ मध्ये सचिनने पाच कसोट्यांत १५३ धावा केल्या, सरासरी १७. २००६ मध्ये सरासरी २४.२७. त्या वर्षी मार्चमध्ये वानखेडेवर, त्याच्या घरच्या मैदानावर, बाद होऊन परतताना प्रेक्षकांतून त्याची हुर्यो झाली. त्या दिवशी फॉर्मवरून कुणी अंदाज बांधला असता तर ब्रायन लाराचा तेव्हाचा विक्रमही त्याच्या आवाक्याबाहेरचा वाटला असता. ऑक्टोबर २००८ मध्ये मोहालीला त्याने लाराला मागे टाकलं. २०१० मध्ये, ३७ व्या वर्षी, १४ कसोट्यांत १,५६२ धावा आणि सात शतकं.

जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला डेल स्टेनसमोर त्याने १४६ केल्या. ते त्याचं ५१ वं शतक. त्या कसोटीनंतर त्याच्या १७७ कसोट्यांत १४,६९२ धावा होत्या. तेव्हाच्या गतीने पुढच्या २३ कसोट्या मोजल्या असत्या तर तो १६,६०० पर्यंत गेला असता. प्रत्यक्षात त्या २३ कसोट्यांत १,२२९ धावा झाल्या, कसोटीमागे ५३, आणि शतक एकही नाही.

या १,२२९ धावांकडे आपण दुःखाने पाहतो. विक्रमाच्या दृष्टीने मात्र त्या फार मोलाच्या आहेत. शिखरावर असताना तो थांबला असता तर विक्रम १४,६९२ चा असता आणि रूट आज त्याच्यापासून साडेसातशे धावांवर उभा असता. १५,९२१ या आकड्यात चोवीस वर्षं आहेत, दोन मोठ्या पडझडी आहेत आणि शेवटची लांबलेली उतरणही आहे. भारतीय संघाने त्याला त्या उतरणीवर २३ कसोट्या खेळवलं. इंग्लंड रूटला तितकं खेळवेल का, हा प्रश्न त्याच्या कव्हर ड्राइव्हपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

कारण समजा, रूटची उतरण उद्याच सुरू झाली आणि ती सचिनच्या उतरणीसारखीच निघाली. कसोटीमागे ५३ धावा. मग १,९७९ धावांना ३७ कसोट्या लागतील, तीन वर्षांहून जास्त. तितके दिवस कुणी थांबत नाही.

दिलासा देणारा आकडाही सचिनचाच आहे. वयाची पस्तिशी गाठली तेव्हा त्याच्या १४७ कसोट्यांत ११,७८२ धावा होत्या. त्यानंतरच्या ५३ कसोट्यांत, केपटाउननंतरची ती उतरण धरूनही, त्याने ४,१३९ धावा केल्या. कसोटीमागे ७८. पस्तिशीआधी गती ८० होती. रूटला पस्तिशी ३० डिसेंबर २०२५ ला लागली. सचिनने त्या वयानंतर जेवढं केलं त्याच्या निम्म्याहून कमी काम त्याला करायचं आहे.

नागपूरहून निघालेले दोघे

कुकने कसोटी पदार्पण केलं नागपूरला, मार्च २००६ मध्ये, व्हीसीएच्या जुन्या मैदानावर. पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. रूटचं पदार्पणही नागपूरचंच, डिसेंबर २०१२, जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर, आणि कर्णधार होता कुक. रूटने संथ खेळपट्टीवर २२९ चेंडू खेळून ७३ केल्या. पुढे दोघांच्याही १०,००० कसोटी धावा झाल्या त्या दिवशी दोघांचं वय होतं ३१ वर्षं १५७ दिवस. एका दिवसाचाही फरक नाही.

कुकचा तो दिवस ३० मे २०१६ चा. सचिनला १०,००० गाठायला ३१ वर्षं आणि जवळपास अकरा महिने लागले होते, त्यामुळे कुक आता सचिनला मागे टाकणार हे अनेकांनी गृहीतच धरलं. त्याची गती कसोटीमागे ७८ होती. लागणार होत्या आणखी ७६ कसोट्या, म्हणजे सहा वर्षं. सदतिशीत विक्रम. कागदावर सगळं जुळत होतं.

कुक पुढे ३३ कसोट्या खेळला आणि त्यांत त्याची गती ७४ राहिली. नीट पाहा: त्याच्या धावा आटल्या नव्हत्या. त्या काळात २४३ आणि नाबाद २४४ अशी दोन मोठी द्विशतकं त्याने केली. पण मधले डाव कोरडे जाऊ लागले, सलामीला रोज नव्या चेंडूसमोर उभं राहण्याची भूक कमी झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३३ व्या वर्षी ओव्हलवर १४७ करून तो थांबला. कुमार संगकारा ३७ व्या वर्षी थांबला, तेही २०१४ मध्ये १,४९३ धावा केल्यानंतर, सरासरी ५७.४०, कसोटीमागे साडेब्याण्णव धावा, आणि तरीही फक्त १२,४००. या दोघांना फॉर्मने अडवलं नाही. त्यांनी स्वतः बॅट ठेवली. धावांच्या भागाकारात माणसाच्या मनाला जागा नसते, आणि बत्तिशीनंतर तेच सगळ्यांत मोठं चल असतं.

रूटच्या बाबतीत मला आशा वाटते ती इथे. तो सलामीला येत नाही, कर्णधारपद त्याने २०२२ मध्ये सोडलं, आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने तो २०१९ नंतर खेळलेला नाही. पदार्पणापासून इंग्लंडच्या फक्त दोन कसोट्या त्याने चुकवल्या आहेत: २०१४ ची सिडनीची, जिथे त्याला वगळलं होतं, आणि २०२० ची साउदॅम्प्टनची, मुलाच्या जन्मासाठी. तेरा वर्षांत दोन. माझ्या दृष्टीने हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका आकडा आहे.

देश कोणता, हेही धावा ठरवतं

केन विल्यमसनने पदार्पण नोव्हेंबर २०१० मध्ये केलं, रूटच्या दोन वर्षं आधी. २०२४ अखेर त्याच्या १०५ कसोट्यांत ९,२७६ धावा होत्या, कसोटीमागे ८८.३. त्याच दिवशी रूटच्या १५२ कसोट्यांत १२,९७२, कसोटीमागे ८५.३. म्हणजे विल्यमसनची गती रूटपेक्षा जास्त, सुरुवात आधीची, आणि तरी तो ३,७०० धावांनी मागे. दुखापतींचा वाटा आहेच, पण मुख्य कारण असं की न्यूझीलंडच्या वाट्याला कसोट्याच कमी येतात. त्यांच्या बऱ्याचशा मालिका दोन कसोट्यांच्या असतात. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या उद्याच्या ब्रॅडमनलाही हा विक्रम मोडता येणार नाही.

भारतीय फलंदाजालाही आता तो सोपा नाही. मुंबईकडून पुढे आलेल्या यशस्वी जैस्वालच्या ऑगस्ट २०२५ पर्यंत २४ कसोट्यांत २,२०९ धावा होत्या, कसोटीमागे ९२. वय २३. ही गती तशीच राहिली, जी राहणार नाही, तरी पुढे १४९ कसोट्या हव्यात. वर्षाला नऊ धरल्या तर सोळा-सतरा वर्षं. सचिन सोळाव्या वर्षी आत आला आणि चाळिशीत बाहेर पडला, तेव्हा हे चोवीस वर्षांचं अंतर जमलं. त्याने ४६३ एकदिवसीय सामने सांभाळून २०० कसोट्या केल्या, वर्षाला जेमतेम आठ. रूटने तेरा वर्षांत १६३ केल्या, वर्षाला साडेबारा. धावांच्या यादीत हा फरक दिसत नाही, पण सगळी शर्यत त्याच्यावर उभी आहे.

मग शक्यता किती?

आता मी माझा हिशेब मांडतो. गृहीतकं तीन: रूट कसोटीमागे सरासरी १.८३ डाव खेळतो तसाच खेळत राहील. धावांचा पसरटपणा आधी सांगितला तसा राहील. आणि गतीचे दोन पर्याय, एक आजची कारकिर्दीची गती, म्हणजे डावामागे ४७, आणि दुसरा वयाची कात्री लावून डावामागे ४०.

पूर्ण गतीने तो आणखी २० कसोट्या खेळला तर सुमारे १,७१० धावा अपेक्षित आहेत आणि विक्रम मोडण्याची शक्यता पाचात एकही नाही. २५ कसोट्या खेळला तर ती ७० टक्क्यांच्या जवळ जाते. ३० खेळला तर ९५.

कात्री लावलेल्या गतीने २० कसोट्यांत शक्यता जवळपास शून्य. २५ मध्ये ३० टक्के. ३० मध्ये ७५. ३५ कसोट्या मिळाल्या तर पुन्हा ९५ च्या आसपास.

या आकड्यांतला उतार पाहण्यासारखा आहे. गती पंधरा टक्क्यांनी घटली तर २५ कसोट्यांची शक्यता ७० वरून ३० वर येते. पण कसोट्या २५ वरून २० वर आल्या तर ती ७० वरून विशीच्या खाली जाते. पाच कसोट्या म्हणजे एक अ‍ॅशेस मालिका. एक बोट मोडलं, एक पाठ धरली, एका हिवाळ्यात घरी राहावंसं वाटलं, तर तेवढा फरक पडतो. फॉर्ममधल्या कुठल्याही चढउताराएवढाच, किंबहुना थोडा जास्त.

इंग्लंडच्या वेळापत्रकात २०२६ च्या उन्हाळ्यात न्यूझीलंड आणि पाकिस्तानविरुद्ध प्रत्येकी तीन कसोट्या आहेत, पुढच्या हिवाळ्यात परदेश दौरे, मार्च २०२७ मध्ये मेलबर्नला कसोटी क्रिकेटच्या दीडशे वर्षांची खास कसोटी, आणि मग मायदेशी पाच कसोट्यांची अ‍ॅशेस. सगळं धरून २०२७ ची अ‍ॅशेस संपेपर्यंत सोळा-सतरा कसोट्या होतात. पूर्ण गतीनेही त्यात १,४५० धावा. म्हणजे अ‍ॅशेस संपेल तेव्हा रूट साडेछत्तीस वर्षांचा असेल आणि विक्रमापासून पाच-सहाशे धावा दूर.

इंग्लंडमध्ये मोठ्या कारकिर्दी अ‍ॅशेसच्या आसपास संपतात. स्टुअर्ट ब्रॉड २०२३ च्या अ‍ॅशेसमध्ये, ओव्हलवर, थांबला. कुकची शेवटची अ‍ॅशेस संपली आणि सहा-आठ महिन्यांत तो गेला. २०२७ च्या सप्टेंबरात रूटला ठरवावं लागेल की आणखी एक हिवाळा आणि कदाचित आणखी एक उन्हाळा खेळायचा की नाही. विक्रम सहा-सात कसोट्यांवर दिसत असताना कुणी थांबत नाही, असं मला वाटतं. पंधरा कसोट्यांवर असला तर थांबेल. या सगळ्याचं वजन करून मी रूटला साठ टक्के देतो. हे साठ म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडं बरं, पण सचिनच्या निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत कुठल्याही फलंदाजाला यापेक्षा जास्त द्यावेत असं कारण कधी नव्हतं.

शतकांचा विक्रम हा वेगळा विषय, आणि तिथे मी उलट बाजूला आहे. रूटची शतकं ४१, सचिनची ५१. मोडायला अकरा हवीत. कारकिर्दीत रूटचं शतक चार कसोट्यांनी एकदा येतं. त्या गतीने ४४ कसोट्या लागतील. २०२१ पासूनच्या बहरात ते पावणेतीन कसोट्यांनी एकदा आलं आहे. तसंच चालू राहिलं तरी ३० कसोट्या. म्हणजे धावांचा विक्रम मोडला तरी ५१ शतकं बहुतेक सचिनकडेच राहतील. पन्नाशीचं रूपांतर शंभरात करण्याची रूटची जुनी अडचण पहिल्या ९७ कसोट्यांत इतकी मोठी होती की नंतरच्या पाच वर्षांत चोवीस शतकं करूनही ती भरून निघालेली नाही.

माझे साठ टक्के कुठे सरकतील तेही आत्ताच नोंदवून ठेवतो. २०२६ च्या उन्हाळ्यातल्या सहाही कसोट्या रूट खेळला आणि त्यात चारशेच्या आसपास धावा झाल्या, तर मी आकडा हलवणार नाही. सहाशे झाल्या तर तो पासष्ट करीन, त्याहून वर नाही, कारण अकरा डावांत तेवढं घडू शकतं. दोनशेच झाल्या तरी पन्नासच्या खाली नेणार नाही. पण त्या सहापैकी दोन कसोट्या त्याने दुखापतीमुळे चुकवल्या, तर उरलेल्या चारमध्ये त्याने दोन शतकं केली असली तरी मी तो आकडा चाळीसवर आणीन.